देशी बुद्धिबळ

देशी बुद्धिबळ (अन्य नावे: भारतीय पद्धतीचे बुद्धिबळ, हिंदुस्थानी बुद्धिबळ) हा चौसष्ट घरांच्या पटावर दोघांनी खेळावयाचा बुद्धिबळाचा प्रकार आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो महाराष्ट्रासह भारताच्या बहुतेक भागांत खेळला जात असे. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळाप्रमाणेच यात प्रत्येक बाजूस राजा, वजीर, दोन उंट, दोन घोडे, दोन हत्ती आणि आठ प्यादी असतात व त्यांच्या चालीही बहुतांशी त्याच असतात. प्याद्याची पहिली चाल, प्याद्याची बढती, राजाची विशेष उडी आणि डावाचा निकाल या चार बाबतींत मात्र दोन्ही पद्धती इतक्या भिन्न आहेत की एका पद्धतीत मुरलेल्या खेळाडूला दुसरी जवळजवळ नव्याने शिकावी लागते.

बुद्धिबळाच्या जागतिक इतिहासात देशी बुद्धिबळाची गणना ‘प्रकारभेदां’त केली जाते. ऐतिहासिक दृष्टीने पाहता या वर्गीकरणात एक गंमत आहे. एकोणिसाव्या शतकात पुणे, सातारा किंवा औरंगाबाद येथील खेळाडूच्या लेखी ‘बुद्धिबळ’ म्हणजे हाच खेळ होता. प्यादे आरंभी दोन घरे चालविणारी विलायती पद्धत हाच त्याच्या दृष्टीने वेगळा प्रकार होता.

नाव आणि परिभाषा

‘बुद्धिबळ’ हे नाव मराठीचे वैशिष्ट्य आहे. उत्तर भारतात रूढ असलेले ‘शतरंज’ हे नाव संस्कृत ‘चतुरंग’ या शब्दापासून फारसीमार्गे आले. मराठीने खेळाचे नाव संस्कृत ठेवले, परंतु पटावरील व्यवहाराचे शब्द फारसीतून घेतले: शह, मात, वजीर, फर्जी, प्यादे. आजच्या मराठीत यांपैकी अनेक शब्द खेळापासून सुटून स्वतंत्रपणे वावरतात. राजकीय वार्तांकनात नित्य येणारा ‘काटशह’ हा शब्द मुळात शहाला शहानेच दिलेले उत्तर होय. सामान्य स्थितीतून अकस्मात उच्च पदाला पोहोचलेल्या माणसाविषयी ‘प्याद्याचा फर्जी झाला’ असे म्हटले जाते. त्यातील फर्जी म्हणजे वजीर. घोड्याच्या चालीला ‘अडीच घरे’ म्हणतात. एखाद्या मोहऱ्याला दुसऱ्या मोहऱ्याचे संरक्षण असल्यास त्याला ‘जोर’ आहे असे म्हणतात आणि संरक्षण नसलेला मोहरा ‘बिनजोर’ ठरतो.

महाराष्ट्रात कोपऱ्यातील मोहऱ्याला हत्ती व तिरप्या चालीच्या मोहऱ्याला उंट म्हणतात. ही नावे सर्व भारतात एकसारखी नाहीत. बंगालमध्ये कोपऱ्यातील मोहरा नौका आहे.

पट पुष्कळदा कापडाचा असे. त्यावर रेघांनी चौसष्ट घरे आखलेली असत, पण काळी-पांढरी अशी रंगांची आलटापालट नसे. उंट कोणत्या कर्णावर उभा आहे हे खेळाडूने नजरेनेच ताडावयाचे असे. आजच्या खेळाडूस यातील अडचण चटकन लक्षात येते.

इतिहास

दख्खनमध्ये या खेळाचा लिखित उल्लेख बाराव्या शतकापासून मिळतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांचे, म्हणजे करमणुकींचे, वर्णन करताना चतुरंगाचाही विचार केला आहे. त्यात दोघांच्या खेळाबरोबर चौघांचा खेळही येतो. म्हणजेच एकाच पटावर निरनिराळ्या नियमांनी खेळण्याची प्रथा त्या काळीही अपरिचित नव्हती.

चौघांच्या खेळाची परंपरा त्याहून जुनी आहे. इ.स. १०३०च्या सुमारास अल्-बिरुनी याने फासे टाकून चौघांनी खेळावयाच्या बुद्धिबळाचे वर्णन केले. बंगालमधील रघुनंदन यांच्या ‘तिथितत्त्व’ या ग्रंथात व्यास युधिष्ठिराला हाच खेळ शिकवतात अशी मांडणी आहे. त्यातील संज्ञाच खेळाची प्रकृती सांगतात. दुसऱ्याच्या राजाच्या घरी आपला राजा पोहोचला तर ‘सिंहासन’ आणि एकाच राजाने इतर सर्व राजे जिंकले तर ‘चतुराजी’. पुढे हा खेळ ‘चतुराजी’ याच नावाने ओळखला जाऊ लागला.

सतराव्या शतकातील नीलकंठभट्टांचे लेखन या विषयात विशेष महत्त्वाचे मानले जाते. त्यांचे घराणे मूळचे पैठणचे (सध्याचा छत्रपती संभाजीनगर जिल्हा). त्यांचे पणजोबा रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकात पैठणहून काशीस गेले आणि तेथे या घराण्याने धर्मशास्त्रात मोठा लौकिक मिळवला. नीलकंठांच्या ‘भगवंतभास्कर’ या ग्रंथाचे बारा भाग आहेत व प्रत्येकास ‘मयूख’ म्हणजे किरण म्हटले आहे. त्यांपैकी ‘व्यवहारमयूख’ ब्रिटिश काळात मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत वारसाहक्काच्या वादांत प्रमाण मानला जाई. त्याच ग्रंथाच्या ‘नीतिमयूखा’त बुद्धिबळाची मांडणी, मोहऱ्यांच्या चाली व घोड्याची फेरी दिली आहे. राजनीतीच्या ग्रंथात हा विषय यावा यात त्या काळी कोणाला काही वावगे वाटले नसावे. आल्ब्रेख्ट वेबर या जर्मन संस्कृतज्ञाने एकोणिसाव्या शतकात हा भाग प्रकाशात आणल्यानंतर बुद्धिबळाच्या युरोपीय इतिहासकारांचे त्याकडे लक्ष गेले.

पेशवा दुसरा बाजीराव याच्या कारकिर्दीत (१७९६–१८१८) तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांनी ‘विलासमणिमंजरी’ हा बुद्धिबळविषयक संस्कृत ग्रंथ रचला. त्याचे इंग्रजी रूपांतर १८१४ मध्ये मुंबईत छापले गेले. रूपांतर करताना त्यातील कूटप्रश्न युरोपीय पद्धतीशी जुळवून घेण्यात आले आणि तसे शीर्षकातच नमूद करण्यात आले. देशी नियमांचा ग्रंथ छापताना त्याला परकीय नियमांचा पेहराव चढवावा लागला, ही या खेळाच्या पुढील वाटचालीची पहिली खूण म्हणता येईल.

१८७१च्या सुमारास औरंगाबादचे पंडित हरिकृष्ण शर्मा यांनी ‘बृहज्ज्योतिषार्णव’ हा विस्तृत संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. ‘क्रीडाकौशल्य’ हा त्याचाच एक भाग असून त्यात बुद्धिबळासह सोंगट्या, गंजिफा व इतर अनेक बैठ्या खेळांचे वर्णन आहे. औरंगाबाद त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. ज्योतिषाच्या ग्रंथात खेळांचे प्रकरण असणे आज विचित्र वाटते. तथापि मराठवाड्यातील बैठ्या खेळांच्या अभ्यासकासाठी हे प्रकरण मोलाचे साधन ठरले आहे. पुण्यात १८९३ मध्ये विनायक राजाराम टोपे यांचे ‘बुद्धिबळक्रीडा’ हे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. हॅरल्ड मरे या इंग्रज इतिहासकाराने १९१३च्या आपल्या बृहद्ग्रंथात भारतीय खेळाचे विवेचन करताना ज्या देशी साधनांचा आधार घेतला, त्यांत हे पुस्तक आहे. मरे याने एकोणिसाव्या शतकातील भारतात हिंदू, पारशी आणि रूमी अशा तीन पद्धती एकाच वेळी नांदत असल्याचे नोंदवले आहे.

नियम

देशी बुद्धिबळाचे नियम कोणत्याही एका संस्थेने ठरवलेले नव्हते. प्रांताप्रांतांत, क्वचित एका गावातील दोन बैठकांतही, त्यांत फरक आढळे. अनोळखी खेळाडूशी डाव मांडण्यापूर्वी नियम बोलून घेणे हा शिष्टाचाराचा भाग होता. पुढील वर्णन बहुतेक ठिकाणी समान असलेल्या नियमांचे आहे.

मांडणी. दोन्ही राजे समोरासमोर नसतात. एका बाजूच्या राजासमोर दुसऱ्या बाजूचा वजीर येतो. त्यामुळे दोन्ही खेळाडूंना आपापल्या बाजूने पट अगदी सारखा दिसतो. आंतरराष्ट्रीय मांडणीत वजिरासमोर वजीर येत असल्याने मधली प्यादी उडाली की वजिरांची लवकर मारामारी होऊ शकते. देशी मांडणीत तो प्रसंग सहजासहजी येत नाही.

प्यादे. प्यादे पहिल्या चालीपासून एकेकच घर पुढे सरकते. साहजिकच, दोन घरे ओलांडून गेलेल्या प्याद्याला वाटेत मारण्याचा युरोपीय नियम येथे निरर्थक ठरतो. या एका फरकामुळे डावाचा आरंभ संथ होतो. दोन्ही सैन्यांना परस्परांना भिडण्यास बराच वेळ लागतो आणि तोपर्यंत प्रत्येकजण आपल्या बाजूची तटबंदी रचत राहतो. हा संथपणा खेळाडूंनाही जाणवत असावा. काही भागांत डावाच्या आरंभी प्रत्येकाने सलग अनेक खेळ्या एकदम करून घेण्याची प्रथा होती. मात्र या खेळ्यांत पटाची मध्यरेषा ओलांडता येत नसे.

राजाची उडी. किल्लेकोट देशी खेळात नाही. त्याऐवजी राजाला संपूर्ण डावात एकदा घोड्याप्रमाणे अडीच घरे उडी मारता येते. तोपर्यंत राजाला एकदाही शह बसलेला नसावा ही त्याची अट आहे. या अटीमुळे डावातील पहिल्या शहाला वेगळेच मोल येते. शह देऊन काही मारता आले नाही तरी प्रतिपक्षाच्या राजाची उडी कायमची बंद होते. म्हणून आंतरराष्ट्रीय खेळात निरुपयोगी ठरणारा एखादा सुटा शह देशी खेळात उत्तम खेळी असू शकतो.

बढती. पलीकडच्या टोकाला पोहोचलेले प्यादे खेळाडूला हवा तो मोहरा होत नाही. ज्या पट्टीवर ते पोहोचले असेल, त्या पट्टीचा मूळ मोहरा ते होते: कोपऱ्यात हत्ती, त्याशेजारी घोडा, मग उंट आणि मधल्या दोन्ही पट्ट्यांवर वजीर. शिवाय त्या जातीचा आपला मोहरा आधी मारला गेलेला असावा लागतो. मारला गेला नसेल तर प्याद्याला शेवटच्या घराच्या अलीकडे थांबून राहावे लागते. घोड्याच्या पट्टीवरील प्याद्याला आणखी एक सवलत असे. घोडा होताच त्याच खेळीत ते घोड्याची एक चाल चालू शके.

या नियमाचे परिणाम दूरवर पोहोचतात. कोणाही खेळाडूला दोन वजीर मिळत नाहीत. सातव्या ओळीत थांबलेल्या प्याद्याला वाट मिळावी म्हणून आपलाच एखादा मोहरा प्रतिपक्षाच्या तोंडी देण्याची वेळ येते. आणि प्रत्येक प्याद्याची किंमत त्याच्या पट्टीनुसार बदलते. युरोपीय खेळात शेवटी उरलेले कोपऱ्यातील प्यादेही वजीर होऊ शकत असल्याने ते धोकादायक असते; देशी खेळात ते फार तर हत्ती होईल.

शह नसताना एकही खेळी न उरणे, म्हणजे आजचे ‘स्टेलमेट’, पुष्कळ ठिकाणी मान्यच नव्हते. तशी स्थिती निर्माण करणाऱ्याला आपली खेळी मागे घेऊन दुसरी करावी लागे.

निकालांची प्रतवारी

आंतरराष्ट्रीय बुद्धिबळात मात ती मात; ती वजिराने दिली काय किंवा प्याद्याने दिली काय, गुण एकच. देशी बुद्धिबळात निकालांना पायऱ्या होत्या आणि खेळाडूंना या खेळाची जी ओढ वाटे तिचे मर्म बहुधा याच गोष्टीत आहे.

सर्वांत खालची पायरी ‘बुर्जी’. प्रतिपक्षाचे सर्व मोहरे व प्यादी मारली जाऊन त्याचा राजा एकटा उरला की डाव तेथेच संपतो. काही ठिकाणी ही बरोबरी मानली जाई, तर काही ठिकाणी अर्धा विजय. कोणत्याही हिशेबाने तो पूर्ण विजय नव्हे. त्यामुळे वरचढ खेळाडूपुढे चमत्कारिक पेच उभा राहतो. प्रतिपक्षाचे सगळे सैन्य कापून काढण्याचे सामर्थ्य असूनही त्याला निदान एक मोहरा जिवंत राखावा लागतो आणि तो पटावर असतानाच मात करावी लागते. उलट, हरत असलेला खेळाडू आपला उरलेला एकुलता मोहरा मारून घेण्यासाठी धडपडतो, कारण बुर्जी झाली तर त्याची अब्रू वाचते. युरोपीय खेळात ज्या टप्प्यावर हरणारा बहुधा डाव सोडून देतो, तेथे देशी खेळात नवा झगडा सुरू होतो.

सर्वांत वरची पायरी ‘प्यादेमात’. सर्वांत क्षुद्र मोहऱ्याने राजाला मात देणे हा खेळाडूच्या कौशल्याचा कळस समजला जाई. प्रतिस्पर्धी दुबळा असल्यास जाणता खेळाडू वजिराने सहज होणारी मात टाळून प्याद्याची वाट पाही. जुन्या भारतीय कूटप्रश्नांतही शेवटचा घाव प्याद्याचा असावा अशी अट वारंवार दिसते. युरोपीय संग्राहकांना अशा अटी कृत्रिम वाटल्या. वस्तुतः ज्या खेळात निकालाची प्रत मोजली जाते, तेथे त्या स्वाभाविकच आहेत.

अन्य प्रकारभेद

देशी नियमांच्या मुख्य धारेशेजारी आणखी काही अपारंपरिक खेळ होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस हैदराबादेत दहा गुणिले दहा घरांच्या मोठ्या पटावरील बुद्धिबळ माहीत होते. त्यात नेहमीच्या मोहऱ्यांखेरीज संयुक्त चालींचे नवे मोहरे मांडले जात.

‘शतरंज दिवाना शाह’ म्हणजे वेड्या राजाचा डाव हा प्रकार त्याहून विलक्षण आहे. एकोणिसाव्या शतकात भारतात खेळला जाणारा हा खेळ पुढे पाश्चात्त्य देशांत ‘महाराजा आणि शिपाई’ या नावाने प्रसिद्ध झाला. यात एका बाजूला नेहमीचे संपूर्ण सैन्य असते. दुसऱ्या बाजूला एकच मोहरा, महाराजा. तो वजीर आणि घोडा या दोघांच्याही चाली चालतो. सैन्याने महाराजाला मात द्यावयाची आणि महाराजाने समोरच्या राजाला. प्याद्यांना बढती नसते. नवशिका खेळाडू सैन्य घेऊन बसला तर महाराजा त्याचे मोहरे एकेक करून टिपतो आणि पाहणाऱ्यांची करमणूक होते. जाणकाराने सर्व मोहरे एकमेकांच्या जोरात ठेवून शांतपणे पुढे सरकवले तर मात्र महाराजाचा निभाव लागत नाही. अचूक खेळल्यास सैन्याचाच विजय होतो हे सिद्ध झाले आहे. बिनजोर मोहरा ठेवू नये हा धडा शिकवण्यास याहून चांगला खेळ सापडणे कठीण आहे.

घोड्याची फेरी हा एकट्याने सोडवावयाचा प्रकार आहे. रिकाम्या पटावर घोड्याने प्रत्येक घराला एकदाच स्पर्श करीत चौसष्ट घरे पुरी करावयाची असतात. नवव्या शतकात काश्मीरचा रुद्रट याने ‘काव्यालंकारा’त हीच युक्ती श्लोकरचनेसाठी वापरली. अक्षरे घरांत मांडून घोड्याच्या चालीने वाचली तरी श्लोक बनतो. म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियार यांनाही एकोणिसाव्या शतकात या फेऱ्यांचा विलक्षण छंद होता.

आंतरराष्ट्रीय नियमांचा स्वीकार

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन हा बलाढ्य ब्रिटिश खेळाडू महेशचंद्र बॅनर्जी यांच्याशी अनेक डाव खेळला. बॅनर्जी देशी खेळात वाढलेले होते. युरोपीय नियमांनी खेळतानाही ते प्यादी सावकाश एकेक घर सरकवीत आणि उंटाला बाजूच्या कर्णावर बसवीत. या शैलीची आठवण ‘इंडियन डिफेन्स’ या नावात टिकून आहे. पुढे विसाव्या शतकात युरोपच्या अग्रगण्य खेळाडूंनी ती आपलीशी केली. किंग्ज इंडियन खेळणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला आपण एका अर्थी देशी नियमांची सवय गिरवीत आहोत याची सहसा कल्पना नसते.

पंजाबचे मीर सुलतान खान यांचे उदाहरण याहून बोलके आहे. देशी पद्धतीत घडलेल्या या खेळाडूने १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपीय नियम आत्मसात केले आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वर्षे ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. हेस्टिंग्जच्या १९३०–३१च्या स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेता कापाब्लांका याला हरवले. प्रारंभाच्या अभ्यासात ते कच्चे होते, पण डावाच्या शेवटात त्यांची बरोबरी करणारे थोडे होते. जागतिक बुद्धिबळ महासंघाने २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला.

संघटित स्पर्धा सुरू झाल्यावर देशी नियम मागे पडणे अपरिहार्य होते. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ मध्ये स्थापन झाला. १९५५ मध्ये आंध्र प्रदेशातील एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिचे अजिंक्यपद महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या यांनी संयुक्तपणे पटकावले. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारे स्पर्धा व प्रशिक्षणाची जी परंपरा उभी केली, तीही आंतरराष्ट्रीय नियमांचीच होती. परदेशात खेळू इच्छिणाऱ्या खेळाडूला दोन पद्धती सांभाळणे परवडणारे नव्हते. प्यादे दोन घरे चालविण्याची सवय लागलेला खेळाडू पुन्हा एका घरावर येत नाही. त्यातच देशी नियमांचे प्रमाणित पुस्तक, निवाडा करणारी संस्था किंवा नोंदवलेल्या डावांचा मोठा संग्रह यांपैकी काहीही उपलब्ध नव्हते. डाव नोंदवून ठेवण्याची प्रथा नसल्यामुळे गावोगावच्या नामांकित देशी खेळाडूंचे खेळ त्यांच्याबरोबरच नाहीसे झाले आहेत. १९६०च्या दशकानंतर हा खेळ मुख्यतः वडीलधाऱ्यांच्या घरगुती बैठकांपुरता उरला.

या स्थित्यंतराचे कलात्मक चित्रण सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाड़ी’ (१९७७) या चित्रपटात आहे. प्रेमचंद यांच्या कथेवर आधारित या चित्रपटात लखनौच्या दोन बुद्धिबळवेड्या जहागीरदारांना एक परिचित इंग्रजी पद्धतीचे नियम समजावून सांगतो. वजिराच्या जागी राणी येते आणि प्यादे पहिल्याच चालीत दोन घरे जाते, हे ऐकून ते चकित होतात. खेळ लवकर संपतो, एवढाच त्यांना त्यातला फायदा सांगितला जातो.

खेळाडूंना वाटणारे आकर्षण

नियम बदलून खेळण्याची हौस आजही कमी झालेली नाही. तिची कारणे तेवढी बदलली आहेत. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळात प्रारंभीच्या खेळ्यांचा अभ्यास इतका वाढला आहे की अव्वल खेळाडूंचे डाव पंधरा-वीस खेळ्यांपर्यंत घरच्या तयारीवरच चालतात. त्यावर उपाय म्हणून बॉबी फिशर याने १९ जून १९९६ रोजी ब्युनॉस आयर्स येथे मागच्या ओळीतील मोहरे चिठ्ठीने मांडण्याची पद्धत जाहीर केली. तीत ९६० मांडण्या संभवतात, म्हणून तिला ‘चेस ९६०’ म्हणतात. जागतिक महासंघाच्या मान्यतेची पहिली जगज्जेतेपद स्पर्धा २०१९ मध्ये झाली व ती वेस्ली सो याने जिंकली. पाठांतराला छेद देणे हे या प्रकाराचे उद्दिष्ट आहे. देशी खेळात वेगळ्या कारणाने तेच साधत असे. दोन्ही सैन्ये दूर असताना प्रत्येकजण स्वतःच्या मर्जीने रचना करी आणि ठरीव खेळ्यांची साखळी तयारच होत नसे.

दुसरे आकर्षण असमान खेळाडूंना एकत्र बसवण्याचे आहे. वडील आणि मुलगा, गुरू आणि शिष्य यांचा सरळ डाव दोघांनाही कंटाळवाणा होतो. वेड्या राजाचा डाव किंवा ‘प्यादेमात केली तरच जिंकलो’ अशी बोली यांमुळे बलवानाला आव्हान आणि दुबळ्याला आशा मिळते. आजच्या स्पर्धांतील मोकळ्या वेळात मुले चौघे मिळून दोन पटांवर ‘बगहाउस’ खेळतात. एका पटावर मारलेला मोहरा दुसऱ्या पटावरील जोडीदाराला द्यावयाचा आणि त्याने तो हव्या त्या रिकाम्या घरात उतरवावयाचा, असा हा खेळ आहे. शांततेच्या खेळात यामुळे जो आरडाओरडा होतो तो पंचांना क्वचितच आवडतो.

काही प्रकारांत तर उद्दिष्टच उलटे केलेले असते. ‘अँटीचेस’मध्ये आपले सर्व मोहरे आधी संपवणारा जिंकतो व मारणे शक्य असेल तेथे ते सक्तीचे असते. हा खेळ मार्क वॉटकिन्स यांनी २०१६ मध्ये संगणकाच्या साहाय्याने पूर्ण उकलला आणि पहिली खेळी करणारा खात्रीने जिंकू शकतो असे दाखवले. ‘तीन शह’ या प्रकारात प्रतिपक्षाच्या राजाला तीनदा शह देणारा विजयी होतो. शहाला मातेवाचूनही स्वतंत्र किंमत असणे ही कल्पना, राजाची उडी बंद करण्यासाठी पहिला शह जपून ठेवणाऱ्या देशी खेळाडूला अगदीच परकी वाटली नसती.

संगणकावर खेळण्याच्या सोयीमुळे चेस ९६०, अँटीचेस, तीन शह यांसारखे प्रकार आज कोणालाही एका क्षणात उपलब्ध आहेत. देशी बुद्धिबळ मात्र प्रमुख संकेतस्थळांच्या नेहमीच्या प्रकारांत आढळत नाही. ते खेळण्यास वेगळे साहित्य लागत नाही. नेहमीचाच पट घ्यावयाचा, एका बाजूच्या राजा-वजिराची अदलाबदल करावयाची आणि बढती, उडी व बुर्जी यांविषयीची बोली पहिल्या खेळीपूर्वी ठरवून घ्यावयाची.